ठकीचं बिऱ्हाड: डिचोलीहून पेडण्याला

डिचोली तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांकडे दोन जनावरं होती. बादल हा उंचापुरा घोडा, आणि त्याच्या सोबतीला ठेवलेली ठकी ही बुटकी घोडी. बादलवर मास्तरांचा मुलगा एके काळी बसायचा. ठकीवर कुणी बसत नसे. बादलला एकटं वाटू नये, एवढंच तिचं काम. जानेवारीत बादल पोटशुळाने एका रात्रीत गेला. मास्तर ७८ वर्षांचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मुलगा पुण्याला नोकरीत. त्याने वडिलांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं आणि ठकीचा प्रश्न उभा राहिला. मास्तरांनी मला फोन केला. "डॉक्टर, पावसाच्या आधी हिची चांगल्या घरी सोय लावून द्या. पैसे नकोत, माणसं मायाळू हवीत."

मायाळू माणसं भरपूर मिळाली. घर मात्र लवकर मिळालं नाही, आणि शेवटी जे मिळालं ते मास्तरांच्या अपेक्षेतलं नव्हतं. घोडा ठेवणाऱ्या किंवा ठेवू पाहणाऱ्या गोव्यातल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

मी पशुवैद्य. माझं बहुतेक काम डिचोली-सत्तरीतल्या गाई-म्हशींचं. आमच्याकडे घोडा म्हटलं की लोकांना आठवते ती शिगम्यातली घोडेमोडणी, कमरेला बांधलेल्या लाकडी घोड्यांची, नाहीतर वरातीतला भाड्याचा घोडा. गंमत म्हणजे याच गोव्याच्या बंदरात एके काळी अरबस्तानातून आणि होर्मुझहून घोड्यांची जहाजं लागायची आणि दख्खनच्या फौजा त्या घोड्यांवर चालायच्या. आज खुरं तासायला नालबंद बेळगावहून बोलवावा लागतो.

घोडी तपासली तेव्हा

मास्तरांच्या हिशेबाने ठकी १५ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी घेतली तेव्हा विकणाऱ्याने सहाची सांगितली होती. घोडा विकणारा वयाच्या बाबतीत नेहमीच हात राखून बोलतो. वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांपैकी जो अगदी कडेचा, त्यावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसायला लागते. १५व्या वर्षाच्या सुमारास ती दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्याला टोक गाठते. ही खूण तंतोतंत नसते, पण ठकीची खाच मध्य ओलांडून चांगली खाली गेली होती. म्हणजे १७-१८. तट्टू पंचविशी सहज गाठतात, काही तिशीही बघतात. तेव्हा आपण दोन-तीन वर्षांची नव्हे, कदाचित दहा वर्षांची सोय बघतो आहोत, हे मास्तरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

वजनासाठी काटा नव्हता. छातीचा घेर १३२ सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी १२६. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत अंदाज येतो. तो आला १८५. एवढ्या घोडीला दिवसाला साडेतीन किलोच्या आसपास सुकं गवत पुरतं. मास्तरांच्या घरी वर गव्हाचा कोंडा, गूळ आणि संध्याकाळी नातीच्या हातची केळी, असं सगळं चालू होतं. आयाळीखालचा मानेचा काठ हाताला घट्ट लागत होता, बरगड्या दाबून शोधाव्या लागत होत्या. अशा तट्टूला लॅमिनायटिस व्हायची भीती असते. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, जनावराला पाऊल टाकवत नाही, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर आतलं हाड जागेवरून फिरतं. फार साखरेचा चारा हे त्याचं मोठं कारण.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो पुढच्या पायांच्या घोट्यांपाशी. दोन्ही घोट्यांवर, समोरच्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत केस गेलेले आणि कातडी खरवडलेली. घरच्यांचं म्हणणं, दावं घासत असेल. दावं मागून घासतं, समोरून कसं घासेल? मी तबेल्यात गेलो. पेंढ्याची गादी काल पसरली होती तशीच सपाट. घोडीच्या कुशीला, मांडीला, शेपटीत पेंढ्याची एक काडी नाही. बादल गेल्यापासून तिला बसलेली कुणी पाहिलंय का, विचारलं. कुणालाच आठवेना. शेवटी नात म्हणाली, "ती पहाटे उभ्या उभ्या डुलते आणि एकदम गुडघ्यात वाकते."

घोडा उभ्याने डुलकी काढू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, थोडाच वेळ का होईना. कळपात एक झोपतो तेव्हा दुसरा उभा राहून पहारा देतो. पहारेकरी नसला की काही घोडे बसायचंच सोडतात. मग उभ्यानेच गाढ झोप लागते, स्नायू सैल पडतात, पुढचे पाय दुमडतात, घोटे जमिनीवर आपटतात आणि जनावर दचकून सावरतं. रात्रीतून असं अनेकदा. ठकीच्या घोट्यांवरच्या खुणा या होत्या. बादल असताना ठकी त्याची सोबत होती असं सगळे म्हणत. खरं तर बादलही तितकाच तिची सोबत होता.

त्यामुळे माझ्यापुरता निकष तिथेच ठरला. नव्या घरी दुसरा घोडा हवा. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

आलेली स्थळं

मास्तर त्यांना स्थळंच म्हणत, आणि पोरगी उजवायची असल्याच्या थाटात प्रत्येकाची चौकशी करत.

पहिलं किनाऱ्याजवळच्या एका रिसॉर्टचं. मुलांना बागेत फेऱ्या आणि लग्नाच्या फोटोंत पांढऱ्या फुलांच्या माळा घालून उभी. सतराव्या वर्षी पाठीवर ओझं सुरू करायचं, तेही लोक पाठवतील ते. तट्टूच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घालू नये, म्हणजे खोगिरासकट ३७ किलो. सुट्टीवर आलेल्या कुठल्या बापाला हे सांगून पटणार आहे? शिवाय हंगाम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर कोण बघणार, याचं उत्तर तिथल्या माणसाकडे नव्हतं. दुसरा घोडाही नव्हता. हे स्थळ लगेच बाद झालं.

कुणीतरी वॉट्सअॅपवर ठकीचा फोटो टाकून खाली 'फुकट' लिहिलं. हा शब्द पाहून जे फोन येतात ते घेण्यासारखे नसतात. घाटमाथ्यावरून एकाने विचारलं, गाडीला जुंपली आहे का, धावायला कशी आहे. खाते काय, आजार काय, हे एकदाही नाही. पुढे दोन हात बदलून ही घोडी कुठल्या शर्यतीत किंवा कुठल्या वीटभट्टीवर असती ते आपल्याला कळलंही नसतं. फोटो काढून टाकायला लावला. जनावर पैसे न घेता द्यायला हरकत नाही, फुकट म्हणून जाहीर करायला आहे.

प्राण्यांचा आसरा चालवणाऱ्या एका ठिकाणी मी स्वतः बोललो. कुत्री आणि गुरं हेच त्यांचं काम, घोड्याचा अनुभव नाही, असं सांगून त्यांनी सरळ नकार दिला. असा नकार मला फार मोलाचा वाटतो.

आणि मग मेहुण्यांचं स्थळ. मास्तरांच्या मनात तेच भरलेलं होतं. सत्तरीत त्यांच्या मेहुण्यांचा गोठा आहे, बारा गाई, शेजारी कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, बारमाही पाण्याचा झरा. घरातल्या मामी ठकीला लहानपणापासूनची ओळख असल्यासारख्या बोलत. नातीला सुट्टीत जायला हक्काचं घर. माया म्हणाल तर इथे उतू जात होती.

मी जाऊन गोठा पाहिला. एकरभर संकरित नेपियर गवत उभं, माणसाच्या डोक्यावर गेलेलं. दूध काढणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम. पण नेपियरमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला धरून बसतं. मामींनी विचारलं, "आमच्या गाईंना चालतं ते हिला का चालू नये?" प्रश्न अगदी बरोबर होता. गाईचं अन्न आधी पोटाच्या मोठ्या कप्प्यात आंबतं. तिथले जंतू ऑक्झलेट फोडून टाकतात आणि कॅल्शियम मोकळं होऊन पुढे जातं. घोड्याचं आंबवणं शेवटी, मोठ्या आतड्यात. कॅल्शियम शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्यात, आणि तिथे ते ऑक्झलेटने बांधलेलंच असतं. जनावर पोटभर खातं, गुबगुबीत दिसतं आणि आतून हाडांतलं कॅल्शियम काढून रक्ताला पुरवत राहतं. काही महिन्यांत जबड्याची आणि तोंडाची हाडं फुगतात, पाय ओढत चालायला लागतं. त्यात गव्हाचा कोंडा भरीला. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, त्यामुळे तो याच दिशेने ढकलतो. मास्तरांच्या घरी कोंडा होताच, इथे नेपियरही जोडीला आलं असतं.

दुसरी गोष्ट गोठ्यातल्या पोत्यांची. गाईंच्या काही खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाय जेवढं पचवते त्याच्या कितीतरी कमी मात्रेत घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. बारा गाईंच्या गोठ्यात एक घोडी सोडली तर कधीतरी ती शेजारच्या घमेल्यात तोंड घालणारच. गडी बदलतो, पोतं बदलतं. सगळ्यांनी रोज लक्षात ठेवायचं म्हणजे कुणीतरी विसरणार.

कुळागर कायम ओलं. गड्याच्या बोलण्यातून कळलं की शेजारच्या वाड्यावर बिबट्याने वासरू नेलं होतं. आणि घोडा नाही. गाय घोडीशेजारी बसते, पण घोडीसाठी पहारा देते की नाही हे घोडीच ठरवते, आणि ठकीच्या बाबतीत मला तो जुगार खेळायचा नव्हता. मी मेहुण्यांना सरळ विचारलं, आणखी एक तट्टू आणाल का? ते हसले. "डॉक्टर, एकीला हो म्हटलंय ते भावजींसाठी." त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं.

मास्तर माझ्यावर आठवडाभर रुसले होते.

सुभेदार

पत्ता मिळाला तो नालबंदाकडून. खरं म्हणजे सुरुवात तिथूनच करावी. कुठे किती घोडे, कोण खुरं वेळेवर करून घेतं, कोण तीन फोन करूनही पैसे देत नाही, कुणाचा घोडा नुकताच गेला, हे सगळं नालबंदाला माहीत असतं. तो म्हणाला, पेडण्याला एक सुभेदार आहेत, लष्करात रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये होते. दोन घोडे होते, एक मेला, उरलेला दिवसभर कुंपणाला फेऱ्या मारतो.

सुभेदारसाहेब ठकीला बघायला डिचोलीला आले. मास्तरांनी चहा, चकल्या, बादलचे फोटो, सगळं मांडलं. सुभेदारांनी चहा निम्मा टाकला आणि घोडीपाशी गेले. डोळ्यांत बघितलं नाही, कौतुक केलं नाही, नाव विचारलं नाही. खांद्यावरून हात फिरवत खाली आले, घोट्यामागची नाडी चाचपली, चारही खुरं उचलून वास घेतला. मग प्रश्न. खाली बसते का? जंताचं औषध शेवटचं कधी? धनुर्वाताची सुई? कुठल्या पायाला हात लावू देत नाही? टेम्पोत कधी चढली आहे? सुनबाईंनी केळी पुढे केली तर म्हणाले, "हे बंद करा."

ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "माणूस कोरडा आहे हो." मी म्हटलं, "मास्तर, आतापर्यंत आलेल्यांपैकी खाली बसते का हे विचारणारा हा पहिलाच."

त्यांची जागा सड्यावर. जांभ्याचा उघडा कातळ, मध्ये मध्ये मातीचे पट्टे, काजूची झाडं, दूरवर खाली शेतं. मास्तरांचा मुलगा फोटो बघून म्हणाला, इथे तर गवतच नाही. म्हणूनच मला ती जागा आवडली. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, किंवा कुळागरात घोड्याचे पाय चार महिने चिखलात राहतात, खुराच्या तळाची मऊ गादी सडते, काळा घाण वासाचा स्राव सुटतो, कातडीवर खपल्या धरतात. सड्यावर पाणी थांबत नाही. पाऊस थांबल्यावर तासाभरात कातळ कोरडा. जांभ्याचे कंगोरे तळव्याला टोचतात, पण सुभेदारांनी शेडपुढे वाळूचा मोठा चौक केला होता, घोडा बहुतेक वेळ तिथेच. सड्यावर फुरसं असतं, ते पायाखाली यायचा धोका उरतोच. तो त्यांनीच आधी सांगितला.

चारा म्हणजे करड. पावसाळ्यानंतर डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडल्यावर कापून गंजी घालतात ते. दूधवाले याला नाक मुरडतात, कारण त्यात कस नाही. ठकीसारख्या सुटलेल्या तट्टूला तेच हवं. वर क्षारांची वीट आणि थोडं भिजवलेलं चण्याचं टरफल.

त्यांचा घोडा १४ वर्षांचा, खच्ची केलेला, नाव सरदार. स्वभावाने शांत असं सुभेदार म्हणाले. नालबंदानेही तेच सांगितलं होतं, म्हणून विश्वास ठेवला.

रक्त, टेम्पो, कुंपण

घोडा एका तबेल्यातून दुसऱ्यात जाताना मी ग्लँडर्सची तपासणी करून घेतोच, मग अंतर कितीही असो. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्याला कायद्याने कळवावं लागतं, आणि बाधित जनावर वाचवायची परवानगी नाही. २००६ साली तो महाराष्ट्रातही निघाला होता. नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राला जातो. त्याच रक्तातून सर्‍याचीही तपासणी करून घेतली. गोमाशा चावून पसरणारा तो रोग गुरांच्या अंगात महिनोनमहिने गुपचूप राहतो आणि घोड्याला मात्र मारतो. आजूबाजूला गाई असलेल्या घरातून घोडी निघते आहे, तर ही चौकशी हवीच. सरदारचंही रक्त पाठवलं. सुभेदारांनी स्वतःहून सुचवलं ते. दोन्ही निकाल स्वच्छ आले.

निघायच्या आधी महिनाभर ठकीचा चारा बदलत नेला. कोंडा आणि गूळ थोडा थोडा कमी, करड थोडं थोडं जास्त. चारा एका दिवसात बदलला की पोटशूळ ठरलेला, आणि बादल कशाने गेला हे घरात सगळ्यांना आठवत होतं. सुभेदारांकडून करडाचे भारे आधीच आणून ठेवले होते, म्हणजे नव्या घरी चव तीच. टेम्पोची फळी रोज अंगणात टाकून तिच्यावर चारा ठेवला. आठवड्यात ती आपणहून चढायला लागली. प्रवासाचा दाखला मी लिहिला. १९७८च्या वाहतूक नियमांप्रमाणे तो लागतोच, तालुक्याच्या तालुक्यात असला तरी जवळ असलेला बरा. एप्रिल अखेरीस पहाटे, ऊन चढायच्या आत टेम्पो निघाला. खाली भाताच्या तुसावर पेंढा, दोर एवढा की मान खाली नेता यावी. नात शाळेला दांडी मारून पुढे बसली होती.

तिने एक वही बरोबर आणली होती. दोन पानांत ठकीच्या सवयी. उजव्या कानाला हात लावलेला खपत नाही. बादली हलली तर पाणी पीत नाही, दगड ठेवून घट्ट करावी. समोर छत्री उघडू नये. निळी ताडपत्री दिसली की बिथरते, काळी चालते. ही शेवटची ओळ वाचून मला हसू आलं. पावसाळ्यात गोव्यात निळी ताडपत्री नाही असं घर दाखवा. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी वही पूर्ण वाचली, खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी शेडच्या पावळीची ताडपत्री बदलायला माणूस लावला.

पहिले तीन आठवडे ठकी मांगराशेजारी, म्हणजे शेतातल्या खोपटाशेजारी, वेगळी. रक्त स्वच्छ असलं तरी घशाच्या गाठींचा आजार अंगात मुरून आलेला असू शकतो, तो तेवढ्यात बाहेर पडतो. सरदार दिसेल, पण नाकाला नाक लागणार नाही एवढं अंतर. पहिल्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांना जोरात हाका मारल्या. मग आठवडाभर मध्ये कुंपण. किंचाळणं, पाय आपटणं, पाठ फिरवून ढुंगण दाखवणं, सगळं यथासांग झालं. मग सरदारचे मागचे नाल काढून दोघांना मोठ्या आवारात सोडलं, जिथे कोपऱ्यात सापडायची भीती नाही, आणि चारा तीन ठिकाणी टाकला. घोडे दोन असले तरी चाऱ्याच्या जागा तीन हव्या. ज्याला हाकललं तो तिसरीकडे जातो आणि भांडण तिथेच संपतं. ठकीने पहिल्याच तासात सरदारला दोन जागांवरून हाकललं. जिल्ह्याएवढा घोडा मुकाट्याने तिसऱ्या ढिगाकडे गेला.

चार दिवसांनी सुभेदारांचा फोन. "डॉक्टर, बसली. कुशीला पेंढा आहे." तोपर्यंत ते पहाटे उठून बॅटरीने तपासत होते, हे मला त्या दिवशी कळलं. जूनच्या मध्यापर्यंत घोट्यांवर नवे केस आले.

कागद

ठकी विकली नाही, दानही दिली नाही. सांभाळायला दिली. हा फरक मास्तरांना आवडला नव्हता, "दिली ती दिली" अशी त्यांची रीत. पण मालकी मास्तरांच्या कुटुंबाकडे राहिली, की पुढे सुभेदारांच्या घरात काही बदललं तर घोडी तिसऱ्याकडे परस्पर जात नाही. कागद एकच पान. तिच्यावर कुणी बसायचं नाही, तिला गाडीला जुंपायचं नाही, तिच्यापासून पैदास करायची नाही. ठेवणं जमेनासं झालं तर आधी मास्तरांच्या मुलाला कळवायचं, तो दोन महिन्यांत दुसरी व्यवस्था बघेल. खुरांचा आणि औषधाचा खर्च मुलाचा, चारा सुभेदारांचा.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या कलमाला लागला. रात्री दोनला पोटशूळ झाला, वाचण्यासारखी नाही, तर निर्णय कोणाचा? मास्तर म्हणत होते, मला फोन करा. सुभेदार म्हणाले, "तुम्ही पुण्याला झोपेत असणार, आणि घोडी इकडे भिंतीवर डोकं आपटत असणार." मास्तर गप्प बसले. मग मुलाने लिहिलं: हजर असलेल्या पशुवैद्याने सांगितलं आणि सुभेदारांना पटलं, तर फोनची वाट बघायची नाही. पुरायची जागाही तेव्हाच ठरवली, कारण जांभ्यात हाताने खड्डा होत नाही, जेसीबी लागतो आणि तो पावसाळ्यात सड्यावर चढत नाही. माणसं हे आधी बोलायला कचरतात. बोललेलं नसतं तेव्हा जनावर भोगतं.

मला एकाने विचारलं होतं, वयस्कर घोडीला एवढा खटाटोप कशाला, सुई देऊन मोकळी का नाही केली. पंचविशी ओलांडलेली, दात गेलेली, पाय दुखणारी घोडी असती तर मी स्वतः तो पर्याय मास्तरांपुढे ठेवला असता, अनोळखी घरी पाठवण्यापेक्षा तो बरा. ठकीचे दात घासून सरळ करावे लागले, बाकी घोडी धडधाकट होती.

पावसाळ्यात

जुलैत एकदा गडबड झाली. पाऊस पडला की सड्यावरच्या मातीच्या पट्ट्यांत आठ दिवसांत कोवळी लव फुटते, कातळ हिरवा दिसायला लागतो. ठकी दिवसभर तीच खुडत होती. सुभेदारांची रोजची सवय, सकाळी दोघांच्या घोट्यामागची नाडी बघायची. एका सकाळी ठकीची पुढच्या दोन्ही पायांची नाडी ठसठशीत लागली, खुरं हाताला गरम, म्हणजे लॅमिनायटिसची सुरुवात. अजून लंगडत नव्हती. त्यांनी मला फोन करायच्या आधीच तिला वाळूच्या चौकात घेतलं, खुरांवर गार पाणी सुरू केलं, आणि करड पाण्यात भिजवून, निथळून द्यायला लागले, म्हणजे त्यातलीही साखर उतरते. मी पोचलो तेव्हा माझ्यासाठी सूज उतरवायची सुई आणि पुढची सूचना एवढंच काम उरलं होतं. आठवड्यात नाडी जागेवर आली. सत्तरीच्या गोठ्यात हे लंगडेपणा दिसल्यावर कळलं असतं, आणि दिसेपर्यंत पापुद्र्यांची इजा होऊन गेलेली असते. मामींच्या मायेबद्दल मला अजूनही शंका नाही.

आता पावसात ठकीला सकाळी दोन तास जाळीचं मुसकं बांधून सोडतात, बाकी वेळ वाळूत. सरदार कुंपणापाशी उभा राहतो, म्हणून त्यालाही दुपारी वाळूतच घेतात.

चवथीला मास्तर गावी आले होते. मुलगा त्यांना पेडण्याला घेऊन गेला. ठकीने त्यांचा खिसा हुंगला, केळं नाही म्हटल्यावर सरदारकडे निघून गेली. मास्तरांना ते लागलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. सुभेदार म्हणाले, "नोकरीत माझ्या हाताखालून इतके घोडे गेले, एकानेही मागे वळून पाहिलं नाही." हे सांत्वन होतं की काय, मला ठरवता आलं नाही. चहा मात्र त्या दिवशी त्यांनी पूर्ण प्यायला.

सध्या सुभेदारांनी तिसऱ्या जनावराचा विषय काढला आहे. सरदार आणि ठकीपैकी एक आधी जाणार, आणि मग उरलेल्याचं पुन्हा तेच. माझा कल एखाद्या वयस्कर गाढवाकडे होता. गाढव घोड्याबरोबर चांगलं राहतं आणि करडावर भागतं. सुभेदारांना तट्टूच हवं. नालबंदाला दोघांनीही सांगून ठेवलं आहे. मात्र तिसऱ्यासाठी गंजी दीडपट लागेल, त्यामुळे नोव्हेंबरात उतारावरचं करड किती निघतं ते बघून मग बोलू, असं ठरलं आहे.